नाव न सांगता विकायचा कारखाना

माझे जावईबापू कंपन्या विकायचे. स्वतःच्या नव्हे, दुसऱ्यांच्या. लेकीने त्यांना पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा मी सरळ विचारलं होतं, "तुम्ही करता काय नेमकं?" ते म्हणाले, "गुंतवणूक बँकेत आहे. कुणाला कंपनी विकायची असली की आम्ही गिऱ्हाईक शोधतो, कुणाला घ्यायची असली की विकणारा शोधतो." मी म्हटलं, "म्हणजे दलाल." लेकीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. हे मात्र खळखळून हसले आणि म्हणाले, "हो आई, दलालच. फक्त कोट घालून." त्या दिवसापासून हा माणूस मला आवडला, तो आजही आवडतो.

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. माझा बटणांचा कारखाना. राळेचे पत्रे ओतायचे, त्यातून गोल चकत्या कापायच्या, कातायच्या, भोकं पाडायची आणि पिंपात घालून फिरवत ठेवायच्या. फिरता फिरता चकत्या एकमेकींना घासून गुळगुळीत होतात. त्या पिंपांच्या खडखडाटावर आवाज चढवून मी आयुष्यभर बोलले. हळू बोलणं मला जमत नाही, आणि गोड बोलणं त्याहून नाही.

माझे यजमान गेले तशी मी लेकीकडे राहायला आले. लेक दातांची डॉक्टर. ती लोकांचे जबडे उघडायची, आणि तिच्या नवऱ्याच्या तोंडाला कायमचं कुलूप. त्यांच्या धंद्याची रीतच तशी. कुठली कंपनी विकायला निघालीय हे कुणाला कळता कामा नये, बायकोला नाही आणि सासूला तर नाहीच. म्हणून प्रत्येक व्यवहाराला खोटं नाव द्यायचं. यांना पक्ष्यांची हौस, म्हणून यांच्या सगळ्या कंपन्या पक्षी. मी नवीन होते तेव्हा एकदा जेवताना फोन आला आणि हे गंभीर चेहरा करून म्हणाले, "गरुडाने कबुतर गिळलंय, पण पैसे अजून आलेले नाहीत." मी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, "याला चार दिवस रजा घ्यायला लाव."

हळूहळू सवय झाली. लिफ्टमध्ये हा माणूस एक अवाक्षर बोलायचा नाही. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मी विचारलं, "दूध आणलंत का?" तर डोळ्यांनी 'वर गेल्यावर सांगतो' असं खुणावायचे. दूध हो, दूध. अशी त्यांची तऱ्हा.

तरुणपणी ते खुराड्याएवढ्या जागेत बसून आकड्यांचे तक्ते करायचे, तेच चढत चढत खरेदी-विक्रीच्या अख्ख्या विभागाचे प्रमुख झाले. एक व्यवहार पुरा झाला की बँक त्यांना काचेसारख्या पारदर्शक राळेचा एक ठोकळा द्यायची, आत व्यवहाराचा छोटासा कागद गोठवलेला. दिवाणखान्यातलं कपाट त्या ठोकळ्यांनी भरलं होतं. धूळ मी पुसायची. राळेतलं मला कळतं, म्हणून ओतकाम कुठे फसलंय तेही सांगायची. एकदा एक ठोकळा उचलून विचारलं, "हे लोक काय बनवतात?" म्हणाले, "बेअरिंगं." "कशी बनवतात, पाहिलंत?" "नाही आई. आकडे पाहिले." मी दुसरा उचलला. तिथेही आकडेच पाहिलेले. मी म्हटलं, "म्हणजे नवरीचं तोंड न बघता लग्नं लावता तुम्ही." ते हसले, आणि दोन्ही ठोकळे माझ्या हातातून घेऊन त्यांनी परत कपाटात ठेवले.

आणि मग एक दिवस त्यांचीच बँक विकली गेली.

मोठ्या बँकेने घेतली. नव्या लोकांकडे त्यांचा स्वतःचा प्रमुख होताच, यांचं काम राहिलं नाही. दुपारच्या वेळी हे एक खोका घेऊन घरी आले. खोक्यात चहाचा मग, बुटांचा ब्रश आणि लेकीचा फोटो. "काय झालं?" विचारलं तर म्हणाले, "व्यवहार पुरा झाला," आणि खोलीत गेले. पुढचं काही सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही, फटकळ असले तरी तेवढं मला कळतं.

त्यानंतर जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. सकाळी उठून दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि सोफ्यावर बसायचं. फोन समोर ठेवायचा. फोन वाजायचा नाही. मग वेळ जाईना म्हणून आमच्या स्वयंपाकघरात शिरले. डबे उंचीप्रमाणे लावले. मला समजावून सांगितलं की चहाची साखर आणि चहाची पूड वेगवेगळ्या फळीवर असल्यामुळे वर्षाकाठी किती फेऱ्या वाया जातात. मी म्हटलं, "जावईबापू, त्या फेऱ्यांवरच माझे गुडघे चालू आहेत." पण खरं सांगते, आतून तुटत होतं माझं. एवढा उमदा माणूस, आणि साखरेच्या डब्याशी झुंजतोय. लेक दवाखान्यातून आली की दारातूनच माझ्याकडे बघायची, आणि मी मान हलवायची, की नाही, आजही नाही.

गुडघ्यांचं मात्र मी थट्टेत सांगितलं नव्हतं. कारखाना पहिल्या मजल्यावर, जिना लाकडी आणि उभा. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, गुडघे बदला आणि जिना सोडा. लेकीला दातांपलीकडे रस नाही. म्हणजे मी जिना सोडला की कारखान्याला टाळं, हे मला दिसत होतं. आणि टाळं म्हणजे मिस्त्री, रंगवाला, पॉलिशवाल्या बाई, सगळे रस्त्यावर. त्या विचाराने माझी झोप उडाली होती.

तर एका सकाळी, हे सोफ्यावर, मी समोर. मी म्हटलं, "जावईबापू, माझा कारखाना विका."

त्यांनी मान वर केली. "आई, थट्टा करताय?"

"निम्मी गुडघ्यांसाठी आणि निम्मी तुम्हाला या सोफ्यावरून उठवण्यासाठी. पण थट्टा नाही. एकच अट. कारखाना चालू राहिला पाहिजे. माझी माणसं कामावर राहिली पाहिजेत. यंत्रं भंगारात घालून तिथे गाड्या लावायची जागा करणारा मला नको."

ते उठले. खरोखर उठले. आत गेले आणि कोट घालून बाहेर आले. म्हणाले, "मग आधी नाव ठरवू."

झालं. आमच्या जेवणाच्या टेबलावर बँक सुरू झाली. माझ्या कारखान्याचं नाव ठेवलं 'खंड्या'. मी म्हटलं, मोर ठेवा निदान. म्हणाले, मोर मोठ्या कंपन्यांना. मग त्यांनी माझ्याकडूनच एका कागदावर सही घेतली, की व्यवहार होईपर्यंत मी कुणाजवळ तोंड उघडणार नाही. मी म्हटलं, "मिस्त्रींना तरी सांगते. इतकी वर्षं माझ्याबरोबर आहेत." तर म्हणाले, "त्यांना तर मुळीच नाही. कामगारांना कळलं की चांगले आधी सोडून जातात. गिऱ्हाइकं बिथरतात. आम्ही त्यांना नेहमी शेवटी सांगतो." मला ते पटलं नाही. पण हा माणूस कितीतरी दिवसांनी ताठ बसला होता, त्याच्यापुढे मी काय बोलणार. केली सही.

मग एक दिवस ते कारखान्यात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी सांगितलं, जावईबापू सहज आलेत बघायला. मिस्त्रींनी त्यांना सगळं फिरून दाखवलं. पिंप थांबवून झाकण उघडलं आणि म्हणाले, "घाला हात साहेब." यांनी कोटाची बाही सरसावून कोपरापर्यंत हात आत घातला. घासून घासून बटणं कोमट होतात. हे तसेच उभे राहिले, हात आत, चेहऱ्यावर कसलं तरी आश्चर्य. दुपारी जायचं म्हणून आलेला माणूस कारखाना बंद होईपर्यंत हलला नाही.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन माझ्यासमोर बसले. "आई, हा कारखाना कुणी का घ्यावा?"

"का घेऊ नये?" मी भडकले. आणि भडकले की मी थांबत नाही. "मिस्त्री नुसत्या आवाजावरून सांगतात पिंप झालं म्हणून. रंगवाल्याला कापडाची चिंधी दाखवा, तंतोतंत त्या रंगाचं बटण करून देतो. पॉलिशवाल्या बाईंच्या नजरेतून तडकलेलं एक बटण सुटायचं नाही. यंत्रं काय, कुणीही विकत घेईल. ही माणसं कुठून आणाल?" अशी मी दुपारभर बडबडले. ते खाली मान घालून लिहीत होते.

त्यातून त्यांनी एक पानभर मजकूर तयार केला. त्यांच्या धंद्यात असं पान सगळ्यात आधी पाठवतात. त्यात विकणाऱ्याचं नाव नसतं, पत्ता नसतो, फक्त माल कसा उत्तम आहे एवढंच. ज्याला रस वाटेल त्याने गुपित न फोडण्याच्या कागदावर सही करायची, मग नाव सांगायचं. मी पान वाचलं. वस्त्रोद्योगाला लागणाऱ्या बारीक वस्तूंचं उत्पादन. पिढ्यान्‌पिढ्या न सुटलेले ग्राहक. रंग पारखायला लागणारा उत्तरेचा निर्मळ उजेड. आणि शेवटी, 'यंत्रे कोणीही विकत घेईल, येथील माणसांचा हात हीच खरी ठेव आहे.' बटण हा शब्द कुठेच नाही, गळक्या मोरीखालची बादली नाही, जिना नाही. मी विचारलं, "हा कुणाचा कारखाना?" म्हणाले, "तुमचाच." मी म्हटलं, "असला कारखाना मीच विकत घेतला असता."

पान गेलं. वकिलांकडे, हिशेबनिसांकडे, ओळखीच्या कंपन्यांकडे. उत्तरं येऊ लागली तसा माझा जीव टांगणीला लागला. एकाला फक्त जागा हवी होती. एक मोठी बटणांची कंपनी पैसे भरपूर द्यायला तयार होती, पण त्यांना माझी गिऱ्हाइकं हवी होती, कारखाना बंद करणार होते. जावईबापूंनी ते पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि खरं ते सांगितलं. "आई, बँकेत असतो तर म्हटलं असतं, घ्या. याच्यावर कुणी जाणार नाही."

"आणि आता?"

"आता मी हात घातलाय त्या पिंपात," ते म्हणाले. "पण दुसरं कुणी आलंच नाही तर, आई?"

शस्त्रक्रियेची तारीख जवळ येत होती.

आणि त्याच आठवड्यात मिस्त्री माझ्या केबिनमध्ये आले. ठेवणीतला शर्ट घातलेला. बसा म्हटलं तर बसेनात.

"बाई, कसं सांगू कळत नाही. मी सोडायचं म्हणतोय."

"का? काय झालं?"

"माझा मेहुणा एका हिशेबनिसाकडे कामाला आहे. त्याच्याकडे एक कागद आला. एक कारखाना विकायचाय, याच शहरात. नाव गुप्त आहे. मी, रंगवाला आणि पॉलिशवाल्या ताई, आम्ही तिघांनी मिळून घ्यायचं ठरवलंय. थोडं साठवलेलं आहे, बाकी कर्ज मिळतंय. राग मानू नका बाई. पण आयुष्यात एकदा तरी असल्या ठिकाणी काम करावंसं वाटतंय."

मला आधी कळेना, हसावं की रडावं. मी पदर तोंडाला लावला आणि खोकल्याचं सोंग केलं. मग म्हटलं, "एवढं काय आहे तिथे?"

"उजेड आहे बाई. उत्तरेचा."

"तो इथेही येतो." आमची खिडकी त्यांच्या पाठीमागेच होती.

"येतो, पण तिथला निर्मळ आहे म्हणे. आणि गिऱ्हाइकं सोडून जात नाहीत."

"आपली कुठे जातात?"

"तसं नाही बाई." मिस्त्री खाली बघू लागले. "तिथल्या मालकाला आपल्या माणसांची किंमत आहे. लिहून दिलंय त्याने, माणसांचा हात हीच खरी ठेव म्हणून. मी ते मेहुण्याकडून दोनदा वाचून घेतलं. असं कुणी आपल्याबद्दल म्हणावं असं वाटतं हो."

ते वाक्य माझं होतं. माझ्याच तोंडचं, आणि मला 'हो, माझंच आहे' म्हणता येईना. सही केली होती ना मी, मूर्खासारखी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती मिस्त्रींवर काढता येत नव्हती. वर तेच म्हणाले, "तुमच्या जावईसाहेबांना यातलं कळतं. एक शब्द टाकाल का आमच्यासाठी?" मी कसंबसं म्हटलं, "उद्या घरी या चहाला."

घरी गेले ती चपला न काढताच जावईबापूंसमोर उभी राहिले. "तुमचं ते गुपित घाला चुलीत. तुमचा खंड्या घ्यायला माझाच मिस्त्री मला सोडून चाललाय."

त्यांना आधी काही उमगेना. सगळं ऐकलं आणि मट्‌कन खाली बसले. कपाळाला हात लावला. "आई," ते हळू आवाजात म्हणाले, "मी शहरभर गिऱ्हाईक शोधलं. आणि जे तिथे काम करतात त्यांना विचारावं हे मला सुचलंच नाही. एवढ्या कंपन्या विकल्या, एकदाही सुचलं नाही." मग त्यांना 'निर्मळ उजेड' आठवला आणि ते हसू लागले. लेक आतून धावत आली, तर हा माणूस डोळे पुसत हसतोय. तीही हसायला लागली, काय झालंय हे माहीत नसताना. बँक गेल्यापासून घरात ते हसणं पहिल्यांदा ऐकत होतो आम्ही.

पण हसणं तिथेच संपलं, कारण दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले.

मी जावईबापूंना सांगितलं होतं, सरळ सांगून टाका. पण जन्माची सवय. त्यांनी कोट घातला आणि मिस्त्रींपुढे तो गुपिताचा कागद ठेवला. म्हणाले, नाव सांगण्याआधी सही लागते. मिस्त्रींनी विश्वासाने सही केली. मग यांनी एक बंद पाकीट पुढे सरकवलं. मिस्त्रींनी ते उघडलं आणि आपल्याच कारखान्याचं नाव वाचलं.

मला वाटलं होतं हसतील. ते हसले नाहीत. मग माझ्याकडे बघितलं.

"बाई, तुम्ही कारखाना विकायला काढला. आणि मला परक्याच्या कागदावरून कळावं?"

"मिस्त्री, ऐका तर..."

"काल मी तुमच्यासमोर उभा होतो. काय काय बोललो. तुम्ही ऐकून घेतलंत." त्यांनी कागद नीट घडी करून पाकिटात घातला आणि उठले. "शोभा झाली माझी. आता मला हा कारखाना नको. आणि नोकरीही नको."

ज्याच्या हाती कारखाना सुखाने सोडला असता तोच माणूस दाराकडे चालला होता.

जावईबापू उठले आणि त्यांच्या वाटेत उभे राहिले. कोट काढून खुर्चीवर टाकला.

"मिस्त्री, दोष बाईंचा नाही. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, मिस्त्रींना सांगते. मी सांगू दिलं नाही. मीच म्हटलं, कामगारांना शेवटी सांगायचं असतं."

"का असतं?" मिस्त्रींनी विचारलं.

"मला माहीत नाही," जावईबापू म्हणाले. "आम्ही तसंच करत आलो. माझी बँक विकली तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा दाराशी गेलो, कार्ड लावलं, दार उघडेना. मला वाटलं कार्ड खराब झालंय. पुसून परत लावलं. तिथला रखवालदार, रोज मला सलाम करणारा, तो माझ्याकडे बघेना. त्याला माहीत होतं. माझ्या मागे रांग लागली होती, सगळे गप्प. त्यांनाही माहीत होतं. मी तसाच कार्ड पुसत उभा होतो. शेवटी कुणीतरी माझ्या वस्तूंचा खोका आणून हातात दिला. तेव्हा वाटलं होतं, हे असं कुणाचं करू नये. आणि घरी येऊन पहिला व्यवहार केला तो तुमचं तेच करून. चुकलो मी."

लेक स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. माझ्या डोळ्यांना धार लागली, लपवायचं सुचलंच नाही.

मिस्त्री परत फिरले. खुर्चीत बसले. मग म्हणाले, "ते पान तुम्ही लिहिलंत होय? तरीच. छान लिहिलंय. बाई असलं काही म्हणायच्या नाहीत."

"लिहिलं मी, बोलल्या बाई," जावईबापू म्हणाले. "दुपारभर तुमच्याबद्दल बोलत होत्या. ते हातांचं वाक्य आहे ना, त्यांचं आहे. मी फक्त क्रियापद जागेवर आणलं."

मिस्त्री माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "बघताय काय असे? म्हटलं मी. खरं तेच म्हटलं. तोंडावर सांगत बसले असते तर डोक्यावर बसला असतात तुम्ही."

आता ते हसले. आणि चहा उचलला.

पुढचं सोपं होतं असं मला वाटलं, पण सोपं होऊ देतील ते आमचे जावईबापू कसले. मिस्त्रींनी आपला आकडा सांगितला, तो त्या मोठ्या कंपनीपेक्षा बराच कमी होता. हे लगेच म्हणाले, "विकणाऱ्याच्या वतीने मी थोडं वर जायची विनंती करीन." मी म्हटलं, "विकणारी इथे बसलीय. तिला परवडतंय. तुम्ही बिस्कीट खा." मिस्त्रींनी मात्र डोकं खाजवून थोडं वर नेलंच, त्यांच्या मानासाठी.

महिनाभरात कागदपत्रं झाली. शेवटची सही आमच्या जेवणाच्या टेबलावर झाली, तिघांच्या तीन सह्या, आणि मग माझी. रंगवाला नको म्हणत असताना मी त्याच्या चहात दोन चमचे साखर घातली. जावईबापूंनी पेनाला टोपण लावलं आणि सवयीने म्हणाले, "चला, व्यवहार पुरा झाला." त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला. उद्यापासून परत सोफा, हे त्यांच्याही मनात आलं असणार.

"पुरा कुठे झालाय?" मिस्त्री म्हणाले. "आमची एक अट राहिलीय. आम्हा तिघांना बटण येतं, हिशेब येत नाही. बँकेशी बोलता येत नाही, गिऱ्हाइकाला कागद लिहिता येत नाही. साहेबांनी यावं. तुमच्या आधीच्या पगाराएवढं नाही जमायचं."

"विचार करून कळवतो," जावईबापू म्हणाले.

"काय विचार करायचाय त्यात?" लेक म्हणाली.

मिस्त्रींनी खिशातून एक नवी घडवलेली किल्ली काढून टेबलावर ठेवली. "आमच्याकडे कार्ड नाही साहेब. किल्ली आहे. चार केल्यात, आमच्या तीन आणि ही तुमची. ही कुणाला बंद करता येत नाही. फक्त दार जरा उचलून धरायचं आणि फिरवायची."

जावईबापूंनी किल्ली उचलली. आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही गेले त्यांच्याबरोबर. शस्त्रक्रियेआधी एकदा तो जिना चढायचा होता मला. वर पोचलो तर मिस्त्री, रंगवाला, पॉलिशवाल्या बाई, तिघेही बंद दाराबाहेर उभे. तिघांच्याही खिशात किल्ल्या, पण कुणी दार उघडलं नव्हतं. आम्हाला बघून ते भिंतीला सरकले आणि यांना वाट करून दिली.

जावईबापू पुढे झाले. किल्ली घातली. फिरेना. त्यांनी ती काढली, आणि अंगठ्याने पुसू लागले.

"पुसू नका साहेब," मिस्त्री हळूच म्हणाले. "दार उचला."

त्यांनी दार उचललं. कुलूप उघडलं. आत खिडकीतून उजेड आला होता, पिंपं गप्प होती. ते उंबऱ्याशीच उभे राहिले, दार एका हाताने धरून, आमची वाट बघत.

"चला की आत," मी म्हटलं. "सगळे तुमच्यासाठी थांबलेत."